साडेसहाशे एमबीचं लग्न

साळवेभाऊ माणसाचं वजन एमबीत सांगायचे.

त्याआधी ते किलोत सांगायचे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची हंगामी नोकरी होती. उसाची बैलगाडी काट्यावर चढायच्या आत तिचा आकडा त्यांच्या तोंडातून बाहेर पडलेला असायचा. काट्याचा आकडा पाच-दहा किलोंनी वेगळा आला, तर ते काट्याकडे संशयाने बघायचे. उसाचा हंगाम आटोपला की लग्नांचा जोर सुरू व्हायचा. मग साळवेभाऊ पिस्ता रंगाचा सफारी चढवायचे, खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घ्यायचे आणि लुनावर बसून गावोगावच्या मंडपांत हजर व्हायचे. कोपरगावच्या आसपास 'शूटिंगवाले साळवे' म्हटलं की पत्ता विचारावा लागत नसे.

मी तेव्हा कोपरगावात कॉम्प्युटरचा क्लास चालवत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, त्यात पाच कॉम्प्युटर, आणि पाचव्याला जोडलेला सीडी लिहायचा डबा. असा डबा तालुक्यात आपल्याकडेच आहे असा माझा समज होता. तो खोडून काढायला कुणी आलं नाही, साळवेभाऊ मात्र आले. एका दुपारी ते जिना चढून वर आले, खुर्चीवर बसले आणि त्यांचा उजवा पाय हलायला लागला. त्यांच्यासमोरचं टेबल हललं, टेबलावरचा मॉनिटर हलला. टाइप करणाऱ्या मुली वळून बघू लागल्या. पुढची दोन वर्षं ते क्लासमध्ये येत राहिले. या दोन वर्षांत तो पाय थांबलेला मी दोनदाच पाहिला, आणि दोन्ही वेळा कारण तसंच मोठं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी तीन तासांची लग्नाची कॅसेट माझ्यासमोर ठेवली. नवरीचा भाऊ बंगळूरला कंपनीत होता. त्याला ते लग्न कॉम्प्युटरवर बघायचं होतं, म्हणून सीडी हवी होती. मी म्हटलं, एका सीडीत सव्वा तासाच्या आतलंच मावतं, तीन कराव्या लागतील. ते बरं म्हणाले. मी मेहनतीने तीन सीड्या करून दिल्या. दुसऱ्या दिवशी ते तिन्ही सीड्या टॉवेलात गुंडाळून परत घेऊन आले.

"म्हातारी घ्यायला तयार न्हाई, म्याडम."

"का? चालत नाहीत?"

"चालत्यात झ्याक. पन ती म्हनती, लगीन एक अन् चकत्या तीन कशा? नातीच्या लग्नाचं तुकडं करून आनलं का, म्हनं."

मला हसू आलं. साळवेभाऊंना आलं नाही. "बरोबर हाय तिचं," ते म्हणाले. "हळद पहिलीत, अक्षदा दुसरीत, पाठवनी तिसरीत. उद्या तिसरी कुठं हारवली तर पोरगी सासरी गेलीच न्हाई."

या युक्तिवादापुढे माझा पदवीचा कागद फिका पडला. शिवाय त्यांनी म्हातारीला शब्द देऊन टाकला होता, की साळवे लग्न देईल तर एकाच सीडीत देईल. तो शब्द दोन दिवसांत गावभर झाला. मी विचार केला आणि म्हटलं, कॉम्प्युटरवरच बघायचं असेल तर एक वाट आहे. सीडीत साडेसहाशे एमबी मावतं, तेवढ्यात सगळं लग्न कोंबून बसवू. पण त्याआधी सोपा उपाय करू या. आहेराची रांगच पाऊण तास आहे, ती काढून टाकू.

साळवेभाऊ खुर्चीतून उठून उभे राहिले. "आला तो दिसला पायजे, म्याडम," ते म्हणाले, आणि त्यांनी मला राजूरच्या आत्याबाईंची हकीकत सांगितली.

काही वर्षांपूर्वी त्यांनी एक लग्न काढलं होतं. नवऱ्या मुलाची आत्या राजूरची, थेट डोंगरातली. लग्नानंतर महिन्याभराने ही बाई एसट्या बदलत कोपरगावला आली, साळवेभाऊंच्या दारात उभी राहिली आणि पिशवीतून कॅसेट काढून म्हणाली, "माझं लुगडं कुठं हाय?" नवरीला आहेरात लुगडं दिलं होतं, माइकवरून तिचं नावही पुकारलं होतं. कॅसेटमध्ये मात्र तिच्या आधीचा दिसत होता आणि नंतरचा दिसत होता. नाशिकच्या मिक्सिंगवाल्याने कात्री चालवताना नेमकी आत्याबाईंवर चालवली होती. मूळ कॅसेट बघावी, तर तिच्यावर साळवेभाऊंनी पुढचं लग्न घेतलेलं. राजुरात आता सगळे विचारत होते, तू खरंच गेल्ती का लग्नाला?

"मंग काय केलं तुम्ही?"

"गेलो कॅमेरा घिऊन राजूरला."

नवरी तोवर पुण्याला नांदायला गेली होती. म्हणून शेजारची एक मुलगी डोक्यावरून तोंड झाकेल असा पदर घेऊन बसवली. आत्याबाईंनी आपलं नेहमीचं नेसायचं लुगडं धुऊन, घडी करून तिच्या हातात ठेवलं, कुंकू लावलं आणि कॅमेऱ्याकडे बघून मान डोलावली. साळवेभाऊंनी तो तुकडा नाशिकला जाऊन कॅसेटमध्ये बसवून घेतला. त्यामुळे कोपरगावच्या मंडपात आहेराची रांग चालू असताना मध्येच आत्याबाईंच्या मागे एक डोंगर येतो आणि डाव्या बाजूने एक शेळी निघून जाते.

"कुणी काही म्हटलं नाही?"

"शेळीचं कोनी इचारलं न्हाई. आत्याबाई दिसल्या, बास झालं."

तेव्हापासून त्यांनी कुठल्याही लग्नातून कुणालाही कापलेलं नव्हतं. झोपलेली पोरं, जेवणाऱ्या पंगती, मंडपाच्या कोपऱ्यात विडी ओढणारा आचारी, सगळे जागच्या जागी राहायचे. आता हे सगळं साडेसहाशे एमबीत कसं बसतं, ते त्यांना माझ्याकडून समजून घ्यायचं होतं.

मी फळ्याकडे गेले. म्हटलं, व्हिडिओ म्हणजे एकामागोमाग एक चित्रं. कॉम्प्युटर प्रत्येक चित्र सगळंच्या सगळं लिहीत बसला तर सीडी दोन मिनिटांत भरेल. म्हणून तो पहिलं चित्र पूर्ण लिहितो आणि पुढच्या चित्रात जेवढं बदललं तेवढंच लिहितो. मी फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले. मागच्या बाकावर बी.कॉम. झालेली दोन मुलं डोळे उघडे ठेवून झोपली होती. आणि साळवेभाऊंचा पाय थांबला.

"म्हंजे भरली गाडी वजा रिकामी गाडी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आवो, उसाची गाडी आली की भरल्याली काट्यावर घ्यायची. ऊस खाली केला की रिकामी परत काट्यावर. वजा केलं की ऱ्हायला तो ऊस. गाडी ती तीच, तिचं वजन कशाला मोजायचं. तुमचा कंप्युटर निस्ता ऊस लिवतो."

मी खडू खाली ठेवला. पुढे जेवढी वर्षं क्लास चालवला तेवढी वर्षं मी हे बैलगाडीवरूनच शिकवलं, आणि ते कुणाला समजलं नाही असं झालं नाही.

"म्हंजे जो हलतो त्याला जागा लागती," साळवेभाऊ स्वतःशीच म्हणाले. "गप हुबा ऱ्हायला त्याला लागत न्हाई." पाय पुन्हा सुरू झाला.

त्या दिवसापासून त्यांना जग एमबीत दिसायला लागलं. मिनिटाला किती, हा त्यांचा हिशेब. पुढारी हलके, कारण हात जोडले की पाच मिनिटं तसेच राहतात. फेटेवाले मध्यम. करवली पाच एमबीच्या खाली नसते. बँड अवजड, त्यातही झांजवाला. चुलीचा जाळ सगळ्यात वाईट, कारण तो एका ठिकाणी असून थांबत नाही. आणि अक्षता म्हणजे संकटच. प्रत्येक 'सावधान'ला पडद्यावर नवरा-नवरीचे चेहरे चौकोनाचौकोनांत फुटायचे.

"तांदळाचा दाना न् दाना लिवतो का काय हा?"

"हो."

"मंग त्याचंबी डोकं फिरनारच."

माझ्याकडे येणाऱ्या माणसाचं वजन ते जिन्यातच करायचे. एकदा मी विचारलं, माझं किती? "शिकवताना दोन," ते म्हणाले, "आन् कुनी फी बुडवली की नऊ." हे त्यांनी वर्गासमोर सांगितलं.

एवढं ज्ञान हातात आल्यावर माणूस गप्प बसत नाही. नदीपलीकडच्या एका मळ्यात मोठ्या बागायतदाराच्या मुलीचं लग्न होतं. साळवेभाऊंनी भटजींच्या आधी माइक हातात घेतला. पुढे काय घडलं ते मी नंतर सीडीत पाहिलं आणि ऐकलं.

"वऱ्हाडी मंडळींना इनंती. ह्या लग्नाची कंप्युटरवर सीडी हुनार हाय. तवा शूटिंग चालू असताना कुनी इनाकारन हलू नये. अक्षदा फकस्त शेवटच्या मंगलाष्टकाला टाकाव्यात, त्याबी पायापाशी."

एरवी अशा माणसाला लोकांनी मंडपाबाहेर काढलं असतं. पण कॉम्प्युटरचं नाव निघालं होतं, आणि सीडीत आपण चांगलं दिसावं असं प्रत्येकालाच वाटत होतं. लोक थांबले. आहेर देणारे एकदा हात पुढे करायचे आणि तसेच राहायचे. व्याही-व्याही भेटले आणि गळ्यात गळा घालून अर्धा मिनिट पुतळ्यासारखे उभे राहिले. बँडवाल्यांनी गाल फुगवले, पण अंग हलू दिलं नाही. करवल्या कलश घेऊन एका रांगेत, शाळेच्या फोटोला बसल्यासारख्या. फक्त नवरदेवाचा घोडा ऐकेना. साळवेभाऊंच्या म्हणण्याप्रमाणे त्या लग्नात चाळीस एमबी एकट्या घोड्याने खाल्ले.

तरी एकूण सहाशे एकतीस भरलं. साळवेभाऊंनी क्लासमध्ये पेढे वाटले आणि पडद्यावरच्या आकड्याला लांबून नमस्कार केला.

पाचव्या दिवशी मुलीचे वडील पाच-सहा माणसं घेऊन माझ्या क्लासमध्ये आले. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, म्हणून सीडी इथेच बघायची ठरली होती. पहिली पंधरा मिनिटं सगळे कौतुकाने बघत होते. मग खुर्च्या पडद्याच्या जवळ सरकायला लागल्या.

"व्याही हसंनात," मुलीचा काका म्हणाला.

"विहीनबाई बगा. तोंड पाडून हुब्या."

"मानपानात काय कमी पडलं का आपल्याकडून?"

तासाभरात त्यांची खात्री पटली की मुलाकडची मंडळी लग्नभर रुसलेली होती आणि आपल्याला ते कळलंच नाही. तिकडे मुलाकडच्यांनी त्यांची सीडी संगमनेरला भाच्याकडे पाहिली होती, आणि त्यांचंही मत असंच झालं होतं, फक्त उलट्या बाजूने. मुलीचं पहिलं माहेरपण त्या आठवड्यात व्हायचं होतं. तिला आणायला कुणी जाईना आणि पाठवायला कुणी तयार होईना. नव्या संसारात आठ दिवसांत अढी पडली होती, आणि ती पाडणारा माणूस माझ्यासमोर खुर्चीवर बसून पाय हलवत होता.

हे ऐकल्यावर मात्र त्यांनी एक क्षणही दवडला नाही. लुना काढली, आधी मुलीच्या बापाकडे गेले, मग तिच्या सासरी गेले. दोन्ही ओट्यांवर उभं राहून, चारचौघांत, हात जोडून सांगितलं की रुसलेलं कुणी नव्हतं, मीच सगळ्यांना गप्प उभं केलं होतं. मुलाचे वडील आधी चिडले आणि मग इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी मुलगी माहेरी आली.

साळवेभाऊ त्या संध्याकाळी क्लासमध्ये येऊन बसले.

"चुकलं, म्याडम," ते म्हणाले. "जागा वाचवायची तर मान्सानं आपली वाचवावी. लोकाची हौस कापायचा मला काय अधिकार?" मग जाता जाता जिन्यातून म्हणाले, "आला तो दिसला पायजे. आन् हसताना दिसला पायजे." त्यांच्या नियमात झालेली ही एवढीच दुरुस्ती.

त्यांची मुलगी सुजाता माझ्याकडेच शिकायला होती. बी.ए. झालेली, बापासारखीच उंच, पण स्वभावाने अगदी स्थिर. साळवेभाऊ तिला लाडाने 'माझी एक यमबी' म्हणायचे. तिचं लग्न ठरलं. मुलगा मस्कतला एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करायचा. रविवारी लग्न, आणि पुढच्याच शुक्रवारी दोघांनी मुंबईला निघायचं, कारण त्याची रजा संपत होती. पुन्हा येणं दोन वर्षांनी. जावयाच्या खोलीवर कॉम्प्युटर होता, तेव्हा लग्न सीडीतून सोबत न्यायचं हे ओघानेच आलं. एका सीडीतून, हे सांगायला नको.

लग्नाच्या आधी एकदा सुजाता मला म्हणाली, "मॅडम, पप्पांनी एवढी लग्नं काढली, पण एकाही कॅसेटमध्ये पप्पा नाहीत. आम्ही घरात शोधून बघितलं. एकदा आरशात कॅमेऱ्यासकट दिसले होते, तर ते त्यांनी नाशिकला जाऊन काढून टाकलं. मी त्यांना सांगितलंय, माझ्या लग्नात तुम्ही दिसायचं. नुसती पाठवणी तरी. मला तिकडं बघायला पप्पा पाहिजेत."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, बगू जागा उरली तर."

लग्नाला मी गेले होते. त्यांच्या वस्तीसमोरच्या पटांगणात मंडप होता. साळवेभाऊंनी मंडपवाल्याशी भांडून झालरी उतरवल्या होत्या, लुकलुकणाऱ्या माळा काढून टाकल्या होत्या, मागे साधा निळा पडदा लावला होता. पडदा हलू नये म्हणून तिकडचा पंखासुद्धा बंद. कॅमेरा खांद्यावर नव्हता, तीन पायांच्या तिकाटण्यावर पक्का बसवला होता, कारण कॅमेरा हलला की सगळं जगच हलतं आणि सगळंच लिहावं लागतं. बुद्धमूर्तीसमोर पांढऱ्या साडीत सुजाता उभी होती. त्रिशरण-पंचशील झालं, फुलांच्या पाकळ्या उधळल्या गेल्या. साळवेभाऊंनी माइक घेतला तेव्हा मला तो नदीपलीकडचा मळा आठवला. पण ते म्हणाले, "पाव्हनेमंडळी, हौसेनं हसा, हौसेनं नाचा. जागेचं मी बगतो." आणि लोक नाचले.

पाठवणीच्या वेळी त्यांनी कॅमेरा चालू ठेवला, तिकाटण्याचा खटका आवळला, सफारी खाली ओढला आणि चालत जाऊन चौकटीत उभे राहिले. सगळी रडारड चालली होती. शांतावहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, दोघींच्या आधाराने उभ्या होत्या. सुजाता आईला भेटली, आजीला भेटली आणि मग बापाच्या गळ्यात पडली. साळवेभाऊ दोन्ही हात अंगाशी धरून ताठ उभे. मुलीच्या पाठीवर हात नाही, डोक्यावर हात नाही. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "लई धीट बाप हाय." मला ते धीटपण आवडलं नाही, हे कबूल करते.

मंगळवारी सुजाता साडीची पिशवी हातात घेऊन, सासरहून माहेरी जाताना वाटेत क्लासमध्ये आली. इकडचं तिकडचं बोलली. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "मॅडम, पप्पांनी डोक्यावर हातसुद्धा ठेवला नाही हो." आणि मी काही बोलायच्या आत जिना उतरून गेली.

सीडीचं काम तोवर सुरू झालं होतं. कॉम्प्युटरला एक लग्न कॅसेटवरून सीडीच्या रूपात वळवायला जवळजवळ दिवस लागायचा, आणि मध्ये लाईट गेली की पहिल्यापासून. बुधवारी सकाळी आकडा आला सातशे दोन.

साळवेभाऊंनी स्वतःच्या मुलीच्या लग्नाला नाशिकहून सगळ्यात भारी इफेक्ट घालून आणले होते. इफेक्टचं त्यांना भयंकर वेड. कमळ उमलायचं आणि त्यातून सुजाता यायची. दोन हंस पोहत येऊन माना जुळवायचे आणि त्या बदामात जावई दिसायचा. आता दात उपटून घ्यायला बसल्यासारखे ते माझ्या शेजारी बसले.

"कमळ काढा."

मी कमळ काढलं.

"हंस ऱ्हाऊ द्या."

"हंस अकरा एमबी आहेत."

ते थोडा वेळ हंसांकडे बघत राहिले. "काढा मंग."

गुलाब गेले, फिरणारी चक्रं गेली, तरी हिशेबाने सहाशे चौसष्ट. मी चित्राचा दर्जा थोडा उतरवून एक तुकडा करून दाखवला. त्यात त्यांच्या आईचा सुरकुतलेला चेहरा चौकोनांचा झाला. "आईचं तोंड फरशीवानी दिसतंय," ते म्हणाले. "हे नगं." दर्जा पुन्हा वर चढवला. चौदा एमबी जास्तच राहिले, आणि शुक्रवारी दुपारी जीप निघायची होती.

"पाठवनीचा तुकडा काढा," साळवेभाऊ म्हणाले. "आठ मिंटं हायेत. त्यात सगळी मान्सं आधी दिसून गेल्यात. निस्ता मी एकटा नवा हाय."

"आला तो दिसला पाहिजे," मी म्हटलं.

"मी कुटं आलो हुतो? घरीच हुतो की."

मी पाठवणीचा तुकडा वेगळा काढून त्याचं वजन केलं. ते इतकं कमी होतं की काढूनही भागलं नसतं. मग मी तो तुकडा लावून बघितला. मागे निळा पडदा, पुढे आया-बाया रडतायत, पदर डोळ्यांना लावतायत, पोरं मध्ये घुसतायत. आणि सगळ्यांच्या मध्ये साळवेभाऊ खांबासारखे. पापणी लवत नव्हती. मुलगी गळ्यात पडली तेव्हा हनुवटीखालची एक शीर तेवढी ताणली गेली. मी नकळत पडद्यावर त्यांच्या पायाकडे पाहिलं. पायही थांबला होता.

"साळवेभाऊ, तुम्ही हललाच नाहीत."

"मुद्दामच," ते म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता. "पोरीला हवं हुतं म्हनून हुबा ऱ्हायलो. पन तिच्या सीडीत आपन कशाला जागा खायची? रडाया लागलो असतो तर धा-बारा यमबी सहज गेलं असतं."

डोळे भरून आले, ते मी पडद्याकडे बघत लपवले. मग सुजाता उंबऱ्यात थांबून काय म्हणाली होती, ते त्यांना सांगितलं.

ते एकदम लहान दिसायला लागले. "आसं म्हन्ली?" मग आपल्या तळहाताकडे बघत म्हणाले, "हात ठेवायचा हुता हो. उचलला असता तर मंग आवरला नसता."

आम्ही पुन्हा लग्नाला लागलो. मी सगळं पहिल्यापासून पळवत नेलं आणि एका ठिकाणी थांबले. आचाऱ्याची चूल. साळवेभाऊंनी बुंदीची कढई, खालचा जाळ आणि वरची वाफ चांगली चार मिनिटं घेतली होती. आचारी आधीच दुसरीकडे दोनदा दिसून गेला होता.

"जाळानं काय आहेर केला न्हाई," साळवेभाऊ म्हणाले. "जाळ काढा."

गुरुवारभर कॉम्प्युटर चालला. लाईट गेली नाही. शुक्रवारी सकाळी आकडा आला सहाशे पंचेचाळीस. मी म्हटलं, पाच उरलेत. राजूरच्या आत्याबाईंसारखं करू या.

त्यांना समजायला वेळ लागला नाही. कॅमेरा घ्यायला ते धावतच घरी गेले.

दुपारी जीप क्लासखाली उभी राहिली. जावई सामान बांधत खालीच थांबले. सुजाता आणि शांतावहिनी वर आल्या. मी कॅमेरा तिकाटण्यावर लावला. कुठलं बटण दाबायचं ते साळवेभाऊंनी मला तीनदा सांगितलं, मग भिंतीवरच्या कीबोर्डच्या तक्त्यासमोर जाऊन उभे राहिले. सुजाता त्यांच्या शेजारी उभी राहिली. तिला एवढंच सांगितलं होतं की सीडीत थोडं राहिलंय. मी बटण दाबलं आणि हे गृहस्थ पुन्हा हात अंगाशी धरून ताठ झाले.

दहा सेकंद गेले. सुजाताने माझ्याकडे पाहिलं.

"हला, साळवेभाऊ," मी म्हटलं. "जागा आहे."

"किती?" ओठ न हलवता त्यांनी विचारलं.

"पाच."

त्यांनी हात उचलला आणि मुलीच्या डोक्यावर ठेवला. मग दुसराही ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले, चष्मा निसटला, तो सुजाताने पकडला. ती रडता रडता हसत होती आणि शांतावहिनी, ज्या चौकटीत नव्हत्याच, मध्येच चौकटीत शिरल्या. मिनिटभरात मी कॅमेरा बंद केला. मला स्वतःला तो नीट दिसत नव्हता.

तो तुकडा वळवला आणि लग्नाच्या मागे जोडून सीडी लिहायला टाकली. मायलेकी खाली गेल्या. साळवेभाऊ डब्याजवळ उभे राहिले, आत फिरणाऱ्या सीडीचा आवाज ऐकत.

"किती भरलं?"

"चार आणि वर थोडं."

"एका मिंटात?" त्यांनी मान हलवली. "लई झालं. करवलीच्या खालोखाल." मग म्हणाले, "त्यातलं निस्तं माझं किती?"

आयुष्यभर भरल्या गाडीतून रिकामी वजा केलेला माणूस विचारत होता. मी पडद्याकडे पाहिलं आणि खरं तेच सांगितलं. "ते वेगळं करता येत नाही. दोघांचं मिळून आहे."

"आसंय का," ते म्हणाले.

सीडी बाहेर आली. त्यांनी ती कव्हरात घातली, वर स्केचपेनने सुजाताचं नाव लिहिलं आणि दोन्ही तळहातांवर धरून, एकेक पायरी बघत जिना उतरले. त्यानंतरही साळवेभाऊ मला खूपदा भेटले, पण डोळ्यांसमोर येतात ते त्या दुपारचे. मी खिडकीत आले तेव्हा जीप सुरू झालेली होती. कॅमेरा माझ्या खोलीतच तिकाटण्यावर होता, आणि खाली साळवेभाऊ जीपच्या खिडकीतून आत हात घालून चालत होते. हात सुजाताच्या डोक्यावर होता. जीप वेग घेईपर्यंत ते तसेच तिच्याबरोबर चालत राहिले.